वाद्य परकं, कान आपला

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते, एका संगीतात दुसरं संगीत मिसळतं ते कसं, कधी चांगलं होतं, कधी बिघडतं, आणि त्यात कोणाचं नुकसान होतं का. म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न लांब होते ते थोडे छोटे केलेत, अर्थाला हात लावलेला नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. हल्ली शास्त्रीय मैफलीत गिटार काय, कीबोर्ड काय, ड्रम्स काय, सगळंच घुसतंय. आमच्या वेळी तंबोरा, तबला, पेटी, बस्स, गाणं शुद्ध होतं. ही भेसळ कुठेतरी थांबायला नको का?
– एक जुने श्रोते

उत्तर : काका नमस्कार. तुमची तळमळ कळते, आणि तुमचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो तो खाली येईलच, पण आधी तुमच्या यादीतल्या पेटीबद्दल बोलूया.

पेटी मूळची युरोपातली. १८४०च्या सुमाराला पॅरिसमधल्या अलेक्झांद्र दबँ या वाद्यनिर्मात्याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, जिथे मोठा ऑर्गन परवडत नाही अशा चर्चमध्ये ते चालायचं. मिशनऱ्यांबरोबर आणि इंग्रजांबरोबर ते भारतात आलं आणि १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या लोकांनी त्याला छोटं केलं, भाता मागच्या बाजूला घेतला आणि हाताने मारायची सोय केली. आता हे असंच का केलं ते बघा. आपला गवई जमिनीवर मांडी घालून बसतो त्यामुळे पाय मोकळे नाहीत, आणि आपल्याला एका वेळी एकच सुरावट हवी असते, कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) नकोत, मग वाजवायला एक हात पुरतो आणि दुसरा भात्याला मोकळा राहतो. म्हणजे वाद्य बाहेरून आलं पण त्याचं रूप ठरवलं आपल्या बैठकीने आणि आपल्या कानाने.

आणि तेव्हाही लोक चिडले होतेच, आणि अगदी तुमच्याच शब्दांत चिडले होते. रवींद्रनाथ ठाकूरांचा पेटीला विरोध होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती जवळजवळ तीस वर्षं टिकली, १९७०च्या दशकात जाऊन सैल झाली. विरोध करणारे उगाच बोलत नव्हते हेही सांगते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, दोन सुरांच्या मधली जागा तिला दाखवताच येत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग करून ट्यून केलेल्या पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या नादात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). कान तयार असलेल्या माणसाला हा फरक लगेच बोचतो. तरीही पेटी राहिली, कारण गायकाला श्वास घ्यायला ती जागा भरून देते, गाणं तुटू देत नाही, आणि चांगला पेटीवाला कुठे वाजवायचं नाही हे बरोबर ओळखतो.

अजून एक उदाहरण देते कारण ते मला फार आवडतं आणि आपल्याकडे त्याबद्दल कमी बोललं जातं. तंजावरला १७व्या शतकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे मराठी कीर्तनकार तिकडे गेले, त्यांचं कीर्तन तिथल्या लोकांनी ऐकलं, आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेला जे रूप दिलं त्यात आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळे प्रकार आहेत, आजही हीच नावं आहेत, चाल आणि छंद मराठी आणि भाषा तमिळ. आणि उलट बाजूने आपल्या संगीत नाटकात, अगदी १८८०च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, कानडी चाली आल्या, लावणी आली, कीर्तनातल्या चाली होत्याच, नंतर १९११ साली ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी, कजरी अशा पूरब अंगाच्या चाली आणल्या आणि लोकांना वेड लागलं. ज्याला आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतो ते हे असं चार दिशांनी जमलेलं आहे.

आता तुमचा मुद्दा. सगळी मिसळ सारखी नसते, हे शंभर टक्के खरं. मी एवढंच बघते की नवीन वाद्य आल्यावर कान कोणाचा राहिला. कीबोर्डवाल्याने खाली कॉर्ड धरला आणि त्यामुळे रागातल्या सुराचा अर्थच बदलला तर राग गेला, मग वर कितीही चांगलं गाणं चालू असू दे. याबद्दल शेवटच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय, ते जरूर वाचा काका.

प्रश्न : मी कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन शिकते. आमच्या मॅडम सा-प-सा-प असं लावायला सांगतात पण युट्यूबवर सगळे वेगळंच ट्यूनिंग दाखवतात. बरोबर कुठलं?

उत्तर : दोन्ही बरोबर, तुझ्यासाठी मॅडमचं बरोबर. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. ते त्यांना सोयीचं, कारण त्यांना वेगवेगळ्या स्केलमध्ये उड्या मारायच्या असतात आणि तारांचा पल्ला जास्तीत जास्त हवा असतो. आपला षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही, म्हणून दोन तारा सा च्या आणि दोन प च्या ठेवल्या की मोकळी तार सतत आधार देत राहते आणि खालचं सप्तक आणि वरचं सप्तक यांचं बोटांचं गणित तेच राहतं.

हे काम १८००च्या आसपास दक्षिणेत झालं. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितार हे व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणणाऱ्या पहिल्या लोकांपैकी, आणि पुढे त्रावणकोरच्या स्वाति तिरुनाळ महाराजांच्या दरबारातल्या वडिवेलूंनी ते रुजवलं. इंग्रजांचे बँड ऐकून मुत्तुस्वामी दीक्षितारांनी त्यांच्या चालींवर संस्कृत रचनाही केल्या, त्यांना नोट्टुस्वरम् म्हणतात, त्यातली ‘सन्ततं पाहि मां’ ही तर थेट इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. पण हे बँडच्या चालीचं प्रकरण बाजूला एक छोटी वाट म्हणून राहिलं, आणि वाद्य मात्र मुख्य रस्त्यावर आलं, आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल डोळ्यासमोर आणून बघ, येतच नाही. कारण त्यांनी वाद्य घेतलं आणि धरायची पद्धत सुद्धा बदलली. तू बसून व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतेस ना, त्यामुळे वाद्य पक्कं राहतं आणि डावा हात वरखाली सरकायला पूर्ण मोकळा मिळतो. गमक, म्हणजे सूर हलवत, झुलवत नेणं, त्याशिवाय येणारच नाही.

आणि एक गोष्ट तुला नक्की आवडेल, अरबी संगीतात व्हायोलिन पारंपरिक पद्धतीने लावतात त्यातही तारांचं अंतर अगदी तुझ्यासारखंच असतं, पंचम, मध्यम, पंचम. त्यांच्याकडे आपल्या रागांसारखे मकाम असतात आणि त्यात दोन पट्ट्यांच्या मधले सूर लागतात. १९३२ साली कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, बार्टोक आणि हिंदेमिट सारखे युरोपातले संगीतकारही गेले होते, तिथे पियानो घ्यायचा की नाही यावर जोरदार वाद झाला कारण पियानोला ते मधले सूर येत नाहीत. व्हायोलिनबद्दल तेवढी ओरड झाली नाही, त्याला पडदेच नाहीत, बोट जिथे ठेवाल तिथे सूर. आठ वर्षांनी आपल्याकडे पेटीवर बंदी आली ती याच कारणाने. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या परंपरा, आणि भांडण एकच, ठरलेल्या पट्टीचं.

प्रश्न : हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीत एकमेकांकडून काही घेतात का?

उत्तर : भरपूर. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी हे सगळे दक्षिणेकडून आलेले राग. हंसध्वनी उत्तरेत आणला भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी. अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूरला जात असत, त्यांनी कर्नाटक रचना गाऊन रेकॉर्डही केली, त्यांच्या सरगम करण्यावर दक्षिणेची छाया आहे असं जाणकार म्हणतात आणि ऐकल्यावर मलाही ते पटतं. उलट दिशेने, आज कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग गायला जातो तेव्हा बसलेले लोक हमखास ताल धरतात.

प्रश्न : मोहनवीणा ऐकली, भारावून गेलो. पण वाचलं की मूळ ती हवाईयन गिटार. हवाई बेटं कुठे, आपण कुठे, हा संबंध आला कसा? – नवीन श्रोता

उत्तर : ही गोष्ट मला कोणी विचारली की मी अर्धा तास बोलते, इथे आवरतं घेते.

गिटार मूळची स्पेनची. १८३०च्या दशकात हवाईत जनावरं फार वाढली होती, ती सांभाळायला मेक्सिकोहून गुराखी बोलावले, ते येताना गिटार घेऊन आले. हवाईच्या लोकांनी ती घेतली, पण आपल्या गाण्याला बसेल अशा रीतीने तारा सैल करून वेगळ्या लावल्या. मग १८८०च्या दशकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाचा एक शाळकरी मुलगा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवायला लागला, तो काय होता यावर निरनिराळ्या कथा आहेत, कोणी कंगवा म्हणतं कोणी बोल्ट, पण त्या सरकण्यातून जो रडवेला, लांब ओढलेला सूर आला तो गायकाच्या गळ्यासारखा होता. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं तिथे हवाईच्या वादकांना लाखो लोकांनी ऐकलं आणि अमेरिकेत याची लाट आली. तिथून हा आवाज कंट्री म्युझिकमध्ये गेला आणि पुढे त्याची पेडल स्टील (पायाच्या पेडलने सूर बदलता येणारी गिटार) झाली. अमेरिकेतले काळे ब्लूज वादक बाटलीचा तुटका गळा बोटात घालून तारांवर सरकवतच होते, त्यांचा हा प्रकार आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांकडून आलेला मानतात. आणि पेडल स्टील पुढे कुठे गेली, तर नायजेरियात, किंग सनी आडे यांच्या जुजू संगीतात ती बोलक्या ढोलांच्या बरोबरीने वाजते. एकदा ऐका, मग मी का म्हणते ते कळेल.

भारतात ती रेकॉर्ड्समधून आणि फिरत्या कलाकारांकडून आली, ताऊ मो यांचं हवाईचं कुटुंब तर कलकत्त्यात काही वर्षं राहिलं होतं, तिथे शिकवायचं, वाजवायचं. बंगालमध्ये रवींद्रसंगीत हवाईयन गिटारवर वाजायला लागलं, सिनेमातही आली. ब्रिजभूषण काबरा यांनी ती शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर आणली, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा १९६७चा अल्बम आजही खूप ऐकला जातो. मग विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारीच्या (मधूनमधून छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा जोडल्या, तीच तुमची मोहनवीणा, आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर केलेल्या अल्बमला १९९४ साली ग्रॅमी मिळालं.

आता ती आपल्याकडे एवढी पटकन का रुजली? कारण सरकत्या सुराची भूक आपल्या कानाला आधीपासूनच होती. उत्तरेत विचित्रवीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम् या दोन्हीवर तारेवरून ठोकळा सरकवूनच वाजवतात. साधी पडद्यांची गिटार रागदारीत अजूनही उपरीच वाटते आणि ही घरची झाली, याचं कारण मींड आहे, दुसरं काही नाही.

प्रश्न : प्रभाव नेहमी पश्चिमेकडून आपल्याकडेच का येतो? आपण त्यांचं घेतो, ते आपलं घेतात असं कुठे दिसतं?

उत्तर : दिसतं, फक्त त्यांनी घेतलेलं इतकं जुनं झालंय की ते त्यांचंच वाटतं. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातला मोठा ढोल, झांजा आणि ट्रँगल हे तिघं आले तुर्कस्तानच्या जॅनिसरी फौजेच्या बँडकडून. १८व्या शतकात युरोपातल्या राजांना त्या बँडचं इतकं आकर्षण की त्यांनी आपापल्या फौजेत तसे बँड उभे केले, मोत्झार्टने १७८२च्या ऑपेरात ती वाद्यं वापरली, बीथोव्हनच्या १८२४च्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात मध्येच एक तुर्की पद्धतीचा मार्च सुरू होतो. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात द्यबुसीने जावाचं गामलान ऐकलं, थर लावत जाणारी घंटांची ती रचना त्याच्या मनात बसली आणि पियानोवरच्या त्याच्या पुढच्या कामात ती ऐकू येते. आणि जॅझ, ब्लूज, रॉक हे सगळं ज्याला आपण पश्चिमेचं म्हणतो ते उभं आहे आफ्रिकेतून गुलाम म्हणून ओढून नेलेल्या माणसांच्या लयीवर आणि गळ्यावर. बँजोसुद्धा पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या, वर कातडं ताणलेल्या वाद्यांचाच वंशज.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती जाऊन परत आलेल्या संगीताची. काँगो नदीच्या प्रदेशातून असंख्य माणसं गुलाम म्हणून क्यूबात नेली गेली. तिथे त्यांची लय आणि स्पॅनिश गाणं आणि गिटार यांच्यातून सोन, रुंबा असे प्रकार तयार झाले. मग १९३३ पासून एचएमव्हीने जी.व्ही. नावाच्या मालिकेत क्यूबन रेकॉर्ड्स आफ्रिकेत विकायला आणल्या, आणि काँगोतल्या तरुणांनी त्या ऐकल्या तर त्यांना ते परकं वाटलंच नाही, लय ओळखीची होती, अर्थातच होती! सुरुवातीला ते स्पॅनिशसारखे आवाज काढून गायचे, मग लिंगाला या तिथल्या भाषेत गायला लागले, पियानोचा भाग गिटारवर घेतला, गाण्याच्या शेवटी गिटारींचं लांबलचक नाचवणारं सेबेन आलं, गिटारवादक फ्रँको आणि त्यांच्या १९५६ साली सुरू झालेल्या ओके जॅझ या बँडने ते आफ्रिकाभर नेलं. २०२१ साली युनेस्कोने काँगोच्या रुंबाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इतकं दुःख सोसून, समुद्र दोनदा ओलांडून ती लय आपल्या गावी परत आली, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

स्पेनच्या फ्लामेंको संगीताचंही तसंच. त्यात स्पेनहून लॅटिन अमेरिकेत जाऊन परत आलेल्या गाण्यांचा एक अख्खा गट आहे. आणि आज फ्लामेंकोत हमखास दिसणारी ती लाकडी पेटी, जिच्यावर बसून तिलाच वाजवतात, ती काहोन पेरू देशातल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांची, खोक्यांवर वाजवण्यातून जन्मलेली. पाको दे लुसियाने ती १९७०च्या दशकाच्या शेवटी पेरूच्या दौऱ्यात ऐकली आणि सोबत घेऊन आला, तेव्हापासून ती फ्लामेंकोत पक्की बसली, इतकी की आज पुष्कळांना ती स्पेनचीच वाटते.

तुमच्या प्रश्नातली कळ मात्र खरी आहे. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली तरी ती बरोबरीची नव्हती. राज्य ज्याचं, जहाजं ज्याची, रेकॉर्ड कंपनी ज्याची, त्याचं संगीत लांबवर पोचलं आणि पैसेही त्यालाच मिळाले. क्यूबाच्या रेकॉर्ड्स काँगोत पोचल्या त्या विक्रीसाठी, कोणाला घरी परत न्यायचं म्हणून नव्हे.

प्रश्न : जुन्या हिंदी गाण्यांत एवढे व्हायोलिन्स, ट्रंपेट्स कुठून आले?

उत्तर : मुख्यतः गोव्यातून. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत, ती पिढी पुढे मुंबईत येऊन हॉटेलांमध्ये जॅझ वाजवायला लागली आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत गेली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा आणि अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर ती ऐकून पन्नास वादकांसाठी कागदावर मांडायचे, कोणी कुठे काय वाजवायचं ते सगळं. चाल रागातली, खालचे व्हायोलिन्स युरोपच्या हार्मनीतले, आणि ठेका ढोलकीचा. या लोकांची नावं पडद्यावर आली नाहीत, आली तरी बारीक अक्षरात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपण जी गाणी गुणगुणतो त्यातला निम्मा भाग त्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे.

प्रश्न : दुसऱ्यांचं संगीत वापरणं आणि चोरी करणं यात रेषा कुठे ओढायची?

उत्तर : मी दोन वेगळ्या गोष्टी मानते. शैली, लय, वाजवायची रीत ही कोणाच्या मालकीची नसते, सरकत्या सुरावर हवाईचा हक्क आहे असं म्हणून जगभरातल्या वादकांना थांबवता येणार नाही. पण एका माणसाने रचलेली चाल आणि एका माणसाचा रेकॉर्ड झालेला आवाज ही त्या माणसाची असते.

दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं, त्यातली वरच्या पट्टीतली ती सुरावट त्याने रेकॉर्डिंगच्या वेळी तिथल्या तिथे गायली. त्याने गाण्याचे हक्क १० शिलिंगांना दिले. पुढे अमेरिकेत त्याच चालीवर ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं, १९६१ साली ते प्रचंड गाजलं, नंतर एका जगप्रसिद्ध अ‍ॅनिमेशनपटात आलं, आणि लिंडा मात्र १९६२ साली गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना न्याय मिळायला कोर्टात जावं लागलं, २००६ साली तडजोड झाली.

दुसरं उदाहरण मला जास्त टोचतं. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईने गायलेली अंगाई ह्यूगो झेंप या अभ्यासकाने १९७०च्या सुमाराला रेकॉर्ड केली होती, अभ्यासासाठी. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच ग्रुपने तो आवाज घेऊन त्याखाली बीट टाकला आणि गाणं जगभर चाललं. अफुनाक्वाला कोणी विचारलं नाही, तिचं नाव नाही, आणि लोक ते गाणं मध्य आफ्रिकेतलं समजून ऐकत राहिले. झेंप यांनी याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. एखाद्या आईने लेकराला निजवताना म्हटलेलं गाणं असं उचलून घ्यायचं आणि तिचा देशही सांगायचा नाही, मला हे कुठल्याही कारणाने पटणार नाही.

म्हणून मी तीन गोष्टी बघते, विचारलं का, नाव दिलं का, पैसे वाटले का. मोहनवीणेच्या त्या अल्बमवर राय कूडर आणि विश्वमोहन भट्ट ही दोन्ही नावं बरोबरीने आहेत, तसं हवं.

प्रश्न : ताई, मी ख्याल शिकते आणि आम्ही चौघं मिळून बँड करतोय, एकजण गिटार, एकजण कीबोर्ड, एकजण लॅपटॉपवर बीट्स. मी राग गायला लागले की कीबोर्डवाला कॉर्ड लावतो आणि माझा राग हरवतो. गुरुजी तर ऐकून गप्पच झाले. काय करू? सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस. तुला राग हरवलेला कळतोय म्हणजे तुझा कान जागेवर आहे, बाकी सगळं जमवता येतं.

आधी हे का होतं ते बघ. तुझ्या प्रत्येक सुराला अर्थ मिळतो तो स्थिर षड्जामुळे, तंबोरा चालू आहे आणि तू गंधारावर थांबलीस की तो गंधार असतो. कीबोर्डवाल्याने खाली दुसरा कॉर्ड लावला की ऐकणाऱ्याचं मन त्या कॉर्डच्या मूळ सुराला सा मानायला लागतं आणि तुझा तोच गंधार क्षणात पंचम किंवा निषाद वाटायला लागतो. तू हललेली नाहीस पण खालची जमीन हलली. त्यात कॉर्डमध्ये वर्ज्य सूर आला तर संपलंच. मारव्यात पंचम नाही, आणि तो लावणार सा-ग-प चा मेजर कॉर्ड, कारण त्याच्या हाताला तोच सवयीचा. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलं नाही, तू सांग. कागदावर रागाचे सूर, वर्ज्य सूर आणि न्यासाचे (थांबायचे) सूर लिहून दे आणि सांग की याच्या बाहेरचा एकही सूर डाव्या हातात नको.

सुरुवात मारवा, दरबारीने करू नका. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याच पट्टीवर बसत नाही, तिथे कीबोर्डने हात वर घ्यायचा, पर्याय नाही. कीरवाणी घ्या. त्याचे सूर म्हणजे त्यांचं हार्मोनिक मायनर स्केल जसंच्या तसं, त्यामुळे गिटारवाल्याचा हात तिथे आधीच बसलेला असतो आणि तुला राग मोडावा लागत नाही. इतकी वर्षं आपले आणि तिकडचे कलाकार एकत्र बसले की कीरवाणी वारंवार निघतो तो यामुळेच. चारुकेशीही चालेल.

बेस (खालचा जाड सूर) सा आणि प वरच ठेवा, फार तर एखाद्या ठिकाणी हलवा आणि ते ठिकाण तू ठरव. गिटारला कॉर्ड वाजवायला लावण्यापेक्षा तू आलाप संपवलास की तुझीच ओळ त्याने उत्तर म्हणून वाजवू दे, सवाल-जवाबासारखं. आणि पट्टी तुझी ठेवायची, काळी चार असेल तर गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावायचा, त्याच्या सोयीसाठी तू पांढरी एक मध्ये गाऊन गळा मारू नकोस.

लयीचं सांगते, तिकडे मिसळणं सुरांपेक्षा सोपं असतं. १९७०च्या दशकात शक्ती ग्रुपमध्ये झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् दोन वेगळ्या पद्धतींतून येऊन एकत्र बसले आणि जॉन मॅक्लॉफलिन यांची गिटार त्यांच्या मोजणीत शिरली, आधी त्यांनी ती मोजणी शिकून घेतली म्हणून. तुमच्या बीट्सवाल्याला तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) हातावर मोजायला शिकव. त्याचा क्लिक (लॅपटॉपमधला ठोका) मात्र एकसारखा चालतो आणि तुझा ख्याल हळूहळू चढतो, त्यामुळे विलंबित क्लिकवर गाऊच नकोस, तो भाग मोकळा रेकॉर्ड करा आणि बीट फक्त द्रुतला आणा.

गुरुजी गप्प झाले ते रागावले म्हणूनच असं धरून चालू नकोस. त्यांना पुन्हा ऐकवशील तेव्हा पूर्ण मिक्स देऊ नकोस, तुझा आवाज आणि बेस एवढेच दोन ट्रॅक वेगळे काढून दे आणि विचार की राग कुठे ढळतोय. ते जागा दाखवतील, त्या कागदावर लिहून कीबोर्डवाल्याला दे.